कल्पनेतलं विमान, खरी मापं: १/२४ प्रमाणात प्रायोगिक विमानाचं मॉडेल

"काल्पनिकच तर आहे, मोजायला कोण बसलंय?" बहुतेक मॉडेलं या वाक्यापाशीच बिघडतात. खऱ्या विमानाचं मॉडेल करताना समोर नकाशा असतो आणि चूक झाली की तो लगेच दाखवून देतो. काल्पनिक विमानाला असा पहारेकरी नसतो. मग कॉकपिटमध्ये माणूस मावत नाही, प्रोपेलर जमिनीला टेकतो, आणि प्रदर्शनाच्या टेबलावर विमान शेपटावर बसून नाक आभाळाकडे करतं. यातली एकही चूक शेवटी दुरुस्त होत नाही. धड चिकटवून बंद करण्याआधीच त्या पकडाव्या लागतात, म्हणून खाली कामाचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा धरला आहे.

उदाहरणासाठी एक विमान घेऊ. नाव 'टिटवी'. एक आसन, इंजिन आणि प्रोपेलर मागे, नाकाजवळ कॅनार्ड म्हणजे छोटा आडवा पंख, आणि मुख्य पंखांच्या टोकांना उभे पंख. मॉडेल उडणारं नाही, मांडून ठेवायचं आहे.

## १. विमान कोणता प्रश्न तपासतंय?

प्रायोगिक विमान एखादा प्रश्न सोडवायला बांधतात. तो प्रश्न एका ओळीत लिहून काढा. टिटवीचा प्रश्न असा: कॅनार्डचा कोन बदलला तर विमान किती हळू उडू शकतं? हे ठरलं की पुढचं आपोआप ठरत जातं. नाकावर हवेचा वेग मोजणारा लांब दांडा लागेल, कॅनार्डवर आणि पंखांवर हवेची दिशा दाखवणारे दोऱ्याचे तुकडे लागतील, ते टिपणारा छोटा कॅमेरा लागेल. तोफा, क्षेपणास्त्रं, दोन जादा इंजिनं यांना इथे काम नाही.

वेगळा आकार घेतला की त्याची किंमतही मॉडेलवर दिसली पाहिजे. पुढे झुकलेले पंख घ्यायचे असतील तर लक्षात ठेवा, असे पंख हवेच्या दाबाने पिळले जातात. १९८४ साली उडालेल्या अमेरिकेच्या एक्स-२९ विमानाच्या पंखाला म्हणूनच कार्बन कंपोझिटचं, म्हणजे रेझिनमध्ये घट्ट केलेल्या कार्बन तंतूंचं, खास आवरण होतं. तशा पंखावर पत्र्याचे जोड आणि रिव्हेट कोरले, तर जाणकार माणूस तिथेच हसतो.

## २. माप माणसापासून काढा

इथे घाई करू नका. पंखांची लांबी आधी ठरवून मग त्यात माणूस कोंबणं ही सगळ्यात मोठी चूक. उलट जा: माणूस, मग आसन, मग धडाची रुंदी, आणि शेवटी पंख.

१/२४ म्हणजे खरं माप मिलिमीटरमध्ये घेऊन २४ ने भागायचं. १७० सेंमी उंचीचा वैमानिक मॉडेलमध्ये ७१ मिमी होतो. खांदे साधारण ५० सेंमी रुंद, म्हणजे २१ मिमी. आतली मोकळी जागा किमान २४ मिमी हवी. दोन्ही भिंती धरून धड ३० मिमी रुंद होतं, खऱ्या मापात ७२ सेंमी. डोकं आणि काच यांत २ मिमी फट ठेवा, ती खऱ्यातली ५ सेंमी झाली.

टिटवीची बाकी मापं (मॉडेलची, मिमीमध्ये):

- एकूण लांबी २१०, पंखांचा पसारा ३३०
- धडाची उंची ४०, त्यावर काच साधारण १०
- मुख्य पंखाची रुंदी धडाजवळ ५५, टोकाला २५
- पंखाची पुढची कड धडाजवळ नाकापासून १२५ वर, टोकाला १८० वर
- कॅनार्ड १४० लांब, १५ रुंद
- टोकाचे उभे पंख ५० उंच
- प्रोपेलरचा व्यास ६५
- मुख्य चाकं १५ व्यासाची, नाकाचं चाक १२
- मुख्य चाकांचा आस नाकापासून १५० वर, दोन चाकांतलं अंतर ७०

चाकांचं माप अंदाजाने ठरवू नका. हलक्या विमानांत सर्रास दिसणारा ५.००-५ मापाचा टायर बाहेरून साधारण ३६ सेंमीचा असतो, म्हणून १५ मिमी. खेळण्यातल्या ट्रकची चाकं लावली की विमान लगेच ट्रॅक्टरसारखं दिसायला लागतं.

तपासा: प्रोपेलरचा मध्य जमिनीपासून ५० मिमी वर घ्या. त्रिज्या ३२.५, म्हणजे खाली १७.५ मिमी राहिले. उड्डाण घेताना विमान मुख्य चाकांवर १२ अंश नाक वर करतं. प्रोपेलर आसाच्या ५८ मिमी मागे आहे, त्यामुळे तो १२ मिमी खाली येतो. उरले साडेपाच मिमी, खऱ्यात १३ सेंमी. इतकं चालतं. तुमच्या मापांत हा आकडा शून्याखाली गेला तर चाकांचे पाय वाढवा किंवा प्रोपेलर लहान करा, पण ते आत्ता, कागदावरच.

## ३. नकाशा मॉडेलच्याच आकारात काढा

आलेख कागदावर बाजूने, वरून आणि समोरून अशी तीन चित्रं काढा. मधली रेघ लाल पेनने आणि तिन्ही चित्रांत. वरून दिसणाऱ्या चित्राची एकच बाजू काढा, कागद मधल्या रेघेवर दुमडा आणि दुसरी बाजू खिडकीच्या काचेवर धरून उतरवा. दोन्ही बाजू हाताने काढल्या की एक पंख हमखास दोन-तीन मिमी पुढे सरकतो.

झेरॉक्सच्या तीन प्रती काढा. एक कापायला, एक चिकटवायला, एक भिंतीवर. झेरॉक्स मशीन कधी कधी एक-दोन टक्के लहान-मोठं छापतं, म्हणून प्रत घेतल्यावर ३३० मिमीची रेघ पट्टीने मोजून पहा.

## ४. सामान आणि ते कुठे मिळतं

बाल्सा लाकूड गावात मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्ड मिळतो: ५ मिमीचा धडाला, ३ मिमीचा पंखांना. नव्या शीटपेक्षा उरलेले तुकडे मागा, स्वस्तात पुरेसं होतं. मात्र तुकडा वाकवून बघा. काही दुकानांत सनबोर्ड म्हणून कागदी पापुद्र्याचा फोम बोर्ड देतात, तो घासला की कागद सुटतो. आपल्याला आरपार पांढरा, पीव्हीसीचा हवा.

थर्माकोल मात्र टाळा. फेव्हिक्विक आणि स्प्रे पेंट दोन्ही त्याला खातात. लाकडातच काम करायचं असेल तर सावर किंवा पांगारा हलका असतो. तान्ह्या पोळ्याचे नंदी घडवणारा सुतार जवळ असेल तर त्याच्याकडून सुकलेला ठोकळा घ्या. ओला ठोकळा उन्हाळ्यात तडकतो, आणि कोपऱ्यात तसाच ठेवला तर उधई लागते.

बाकी यादी: सायकलचे दोन-तीन स्पोक, एम-सील, अराल्डाइट, फेव्हिक्विक, पाइप जोडायचं सोल्युशन, वॉल पुट्टी, फेविकॉल, ८०, १२०, २२०, ४०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर, कटर आणि जादा पाती, हॅक्सॉचं पातं, सुताराचा गुण्या, खिडकीच्या जाड काचेचा एक सपाट तुकडा. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याकडून १५ मिमी व्यासाच्या रबरी रिंगा आणा, त्या चाकांना लागतील.

सावध: मॉडेल पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा मे महिन्यात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पीव्हीसी तापला की मऊ होतो, पंख लोंबतात आणि थंड झाल्यावर तसेच राहतात.

## ५. धड: थर लावा, पण बंद करू नका

५ मिमीचे सहा थर म्हणजे ३० मिमी. प्रत्येक बाजूला तीन थर.

१) बाजूचं चित्र सहाही तुकड्यांवर उतरवा. कापताना रेघेबाहेर २ मिमी सोडा. कटर एका दमात आरपार नेऊ नका. तीन-चार हलक्या ओढी मारा, नाहीतर पातं तिरपं जातं आणि खालची कड वेगळीच निघते.

२) आतल्या चार थरांतून कॉकपिटची खिडकी कापा. ती नाकापासून ४५ ते ११५ मिमी. बाहेरचे दोन थर सलग ठेवा. आतली जागा आत्ता २० मिमी रुंद आहे. बाहेरचे थर नंतर आतून २-२ मिमी कोरले की ती २४ होईल. नाकाच्या बाजूला १५ ते ४० मिमी दरम्यानही एक कप्पा कापा, तो वजनासाठी.

३) डाव्या बाजूचे तीन थर एकत्र चिकटवा, उजव्या बाजूचे तीन एकत्र. सोल्युशन अगदी पातळ लावा. थर काचेवर ठेवून वर विटा ठेवा आणि पूर्ण एक दिवस थांबा. आत अडकलेलं सोल्युशन सावकाश सुकत राहतं, आणि घाईने घासलेल्या धडावर आठवड्याने खोलगट रेघा उमटतात. इथे फेव्हिक्विक नको. त्याची रेघ सनबोर्डपेक्षा टणक राहते, घासताना सनबोर्ड झिजतो आणि गोंदाची धार वर उरते.

४) दोन्ही अर्ध्या भागांच्या मधोमध दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपचे चार तुकडे लावून ते तात्पुरते जोडा. आता पूर्ण धड एकसंध समजून बाहेरून घडवा. आधी वरून दिसणारा आकार, मग बाजूचा, आणि कोपरे सगळ्यात शेवटी गोल. कोपरे आधी गोल केले तर मोजायला सरळ कड उरत नाही.

मधला जोड ही तुमची कायमची मधली रेघ आहे. पुठ्ठ्यातून अर्ध्या आडव्या छेदाचे साचे कापा: नाकापासून ४०, ८०, १२० आणि १८० मिमीवर. तोच साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. उजेड दिसेल तिथे अजून घासायचंय.

तपासा: ८० ने ढोबळ, १२० ने आकार, २२० ने गुळगुळीत. पॉलिश पेपर बोटांवर धरून घासू नका, खड्डे पडतात. लाकडाच्या चपट्या तुकड्यावर गुंडाळा.

## ६. पंख

प्रत्येक पंख ३ मिमीच्या दोन थरांचा. मध्ये सायकलचा स्पोक. हा स्पोक दोन्ही पंखांतून एकच जातो, तोच कणा.

स्पोकचं डोकं आणि आटे कापून टाका. मधोमध वाकवून इंग्रजी व्ही करा, प्रत्येक बाजू १६ अंश मागे. वाकवताना तो थेट नकाशावर ठेवून जुळवा. सरळ केलेली बाजू काचेवर ठेवून लोळवली की बाक लगेच दिसतो. पंखाच्या दोन्ही थरांत आतून १ मिमी खोल खाच कापा, अराल्डाइट लावून स्पोक बसवा, थर मिटा आणि काचेवर वजनाखाली ठेवा. स्पोक टोकाच्या १५-२० मिमी अलीकडे संपतो, ते चालतं. दोन पंखांच्या मध्ये ३० मिमी उघडा स्पोक राहू द्या, ती धडाची जागा.

आता जाडी. धडाजवळ ६ मिमी आहे ती राहू द्या, टोकाला ३ पर्यंत उतरवा. सर्वात जाड भाग पुढच्या कडेपासून सुमारे एक तृतीयांशावर. पुढची कड गोल, मागची धारदार. मागच्या कडेवर काळ्या पेनने मधली रेघ ओढा आणि वरून-खालून तिच्यापर्यंतच घासा. रेघ पुसली गेली म्हणजे जास्त घासलं. कड अर्ध्या मिमीवर आली की फेव्हिक्विकचा पातळ हात फिरवा, ती टणक होते आणि मोडत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि डोळे वाफेपासून दूर ठेवा.

पंखाला पीळ आहे का ते बघायची सुतारी युक्ती: धडाजवळ आणि टोकाला एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका टोकाकडून डोळा लावा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

धडाच्या पोटाकडून १२ मिमी वर पंख बसतो. तिथपर्यंत पोटातून २ मिमीची खाच कापा, स्पोक त्यात सरकवा. अजून चिकटवू नका.

कॅनार्ड ३ मिमीच्या एका थरातून घासून २ मिमीचा करा. बसवताना त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ०.४ मिमी उंच ठेवा, म्हणजे मुख्य पंखापेक्षा साधारण दीड अंश जास्त. अशा विमानात कॅनार्डने मुख्य पंखाच्या आधी हवेवरची पकड सोडायची असते, मग नाक आपोआप खाली येतं. म्हणूनच तो जास्त कोनात असतो. हा फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, पण तो नसला तर बाजूने बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

## ७. वजन: या टप्प्याला वगळलं तर मॉडेल शेपटावर बसणार

इंजिन मागे असलेल्या विमानाचा हा जुना त्रास, खऱ्या विमानालाही. लाँग-ईझी नावाचं घरी बांधायचं कॅनार्ड विमान उभं करताना नाकाचं चाक आत घेऊन नाक जमिनीवर टेकवून ठेवतात. वैमानिक उतरला की पुढचं वजन जातं आणि विमान मागे कलू शकतं. तुम्हीही टिटवी तशी मांडू शकता, ती चूक दिसणार नाही. पण नाक वर ठेवायचं असेल तर मोजा.

१) धडाचे दोन भाग टेपने जोडा. पंख, कॅनार्ड, उभे पंख, प्रोपेलरच्या वजनाचं काहीतरी, सगळं टेपने लावा.

२) १५० मिमीच्या खुणेखाली एक गोल पेन्सिल आडवी ठेवा.

३) नाकाच्या कप्प्यात एकेक ग्रॅम वजन टाकत जा. नाक ठामपणे खाली गेलं की थांबा, मग त्याच्या निम्मं आणखी टाका. रंग, पुट्टी आणि इंजिन यांचं वजन नंतर मागच्या बाजूलाच वाढणार आहे.

इंजिनाचा भाग एम-सीलने भरीव केला तर हा हिशोब पार कोलमडतो. इंजिन सनबोर्डचंच करा, वर एम-सीलचा फक्त पातळ थर द्या.

वजनाला टायरवाल्याकडची चाक बॅलन्स करायची चिकट वजनं सोयीची. सायकल दुकानातले लोखंडी छर्रेही चालतात. ते अराल्डाइटने पक्के बसवा.

सावध: शिशाचे छर्रे असतील तर फेविकॉल अजिबात वापरू नका. बंद कप्प्यात शिसं आणि पांढरा गोंद यांची सावकाश प्रक्रिया होते, शिसं फुगतं आणि काही महिन्यांनी नाक आतून फाटतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांना देऊ नका, आणि घरी वितळवू नका.

## ८. कॉकपिट, आणि मगच धड बंद

बाहेरचे थर आतून २-२ मिमी कोरून घ्या. आसन मागे कललेलं, २० मिमी रुंद. पट्टे मास्किंग टेपचे, २ मिमी रुंद कापलेले, खऱ्यातले साधारण ५ सेंमी. उपकरणांचा फलक नकाशाच्या कागदावर छापून चिकटवला तरी पुरे, काचेतून तेवढंच दिसतं. आतला रंग करडा, आत्ताच लावा. धड बंद झाल्यावर ब्रश आत जात नाही.

७१ मिमीच्या मापाचा वैमानिकाचा पुतळा बसवून बघा. डोकं काचेच्या रेघेच्या २ मिमी खाली राहतंय, पाय नाकाच्या कप्प्यात घुसत नाहीयेत, हात कंट्रोलपर्यंत पोहोचतोय. पाय घुसत असतील तर आसन मागे सरकवा, पाय कापू नका. पाय कापलेल्या वैमानिकांची मॉडेलंही बघायला मिळतात.

आता यादी वाचा आणि प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवा: वजन पक्कं आहे? आसन चिकटलंय? आत रंग झाला? स्पोकची खाच दोन्ही भागांत समोरासमोर आहे? मगच टेप काढून दोन्ही भाग कायमचे जोडा. स्पोक पोटातून बसवा, दोन्ही पंखांची टोकं काचेपासून सारखी उंच आहेत का ते मोजा, आणि खाच सनबोर्डच्या पट्टीने भरा.

## ९. काच

कोल्ड्रिंकची बाटली गरम करून साच्यावर आवळायची. पाण्याच्या बाटलीवर कडा आणि खाचा असतात, म्हणून गुळगुळीत अंगाची बाटली घ्या.

साचा लाकडाचा. काचेपेक्षा खाली १० मिमी जादा उंची ठेवा, कारण कडेला प्लास्टिक सुरकुततं आणि तो भाग कापून टाकायचा असतो. साच्यावर पुट्टी लावून १००० नंबरपर्यंत घासा. लाकडाची एकही रेघ राहिली तर ती काचेवर छापली जाते.

बाटलीचा तळ कापा, साचा आत घाला, फटीत लाकडाच्या पाचरी ठोकून तो घट्ट बसवा. मोबाइल किंवा वायरिंगवाल्याकडची हॉट एअर गन ८-१० सेंमी लांब धरून गोल फिरवत राहा. घरचं हेअर ड्रायर बहुधा पुरत नाही. एका जागी थांबलात तर पांढरा डाग पडतो आणि तो जात नाही. मधेच लाइन गेली तर ती बाटली सोडा, दुसरी घ्या. अर्धवट आवळलेलं प्लास्टिक पुन्हा गरम करून सारखं होत नाही.

काच चिकटवायला फेव्हिक्विक नको, वाफेने धुरकट होते. फेविकॉलचे बारीक ठिपके पुरेत.

## १०. चाकं आणि प्रोपेलर

मुख्य पायांसाठी एकच स्पोक धनुष्यासारखा वाकवा आणि पोटात अराल्डाइटने बसवा. दोन सुटे पाय लावले की एक हमखास तिरपा राहतो. रबरी रिंगेच्या भोकात एम-सील भरलं की चाक तयार. टायरचा तळ किंचित घासून सपाट करा, विमानाला वजन असल्यासारखं दिसतं.

प्रोपेलर बांबूच्या कामटीचा. इथे एक चूक वारंवार होते: इंजिन मागे आहे म्हणून पातं उलटं लावतात. पात्याची फुगीर बाजू नेहमी नाकाकडे आणि सपाट बाजू शेपटाकडे, इंजिन कुठेही असो. पात्याला पीळ हवा: मध्यापासून सुमारे १० मिमीवर ४४ अंश, २४ मिमीवर २१, टोकाला १६. कामटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाकवा आणि सुकेपर्यंत बांधून ठेवा.

मागच्या इंजिनाला थंड हवा लागते, हे काल्पनिक विमानांत फार विसरलं जातं. पंखाच्या मुळाशी दोन झडपा आत हवा घ्यायला, आणि प्रोपेलरभोवती त्याहून मोठी फट बाहेर सोडायला.

## ११. भराई आणि रंग

घासलेल्या सनबोर्डवर बारीक छिद्रं उघडतात. त्यावर थेट रंग मारला तर पृष्ठभाग भाकरीच्या पापुद्र्यासारखा दिसतो. वॉल पुट्टीत थोडं फेविकॉल आणि पाणी मिसळून पातळ हात द्या, सुकवा, २२० ने घासा, पुन्हा एक हात, मग ४००. नंतर करडा प्रायमर. प्रायमर दोष दाखवतो, म्हणून तो लावल्यावर खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा आणि खड्डे पुन्हा भरा. दोनदा करावंच लागतं. प्रायमर आधी त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर मारून बघा, थिनरने पीव्हीसी मऊ पडत नाही ना.

हलणाऱ्या भागांच्या रेघा प्रायमरवर सुईने कोरा, ०.३ मिमीपेक्षा रुंद नकोत. टिटवी कंपोझिटची आहे, रिव्हेट कोरू नका. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर प्रशिक्षणाची डीए-४० विमानं दिसतात, तीही कंपोझिटचीच. अंगावर खिळ्यांच्या रांगा नसतात.

रंग पांढरा. कंपोझिटमधलं रेझिन उन्हाने तापून मऊ पडू शकतं, म्हणून अशा विमानांची वरची बाजू पांढरी ठेवतात. काळ्या रंगाचा मोह आवरा, इथल्या उन्हात तर नक्कीच. टोकांना केशरी पट्टे द्या, पण पांढऱ्यावर. करड्यावर दिलेला केशरी मळकट दिसतो.

वेळ निवडणं अर्धं काम आहे. मे महिन्यात दुपारी स्प्रेचे थेंब हवेतच सुकतात आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेने पांढुरकी झाक येते. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेतला बारीक तंतू ओल्या रंगावर बसतो. संध्याकाळी दिव्याखाली तर पाखरंच चिकटतात. हिवाळ्यात दव उडाल्यावर, सकाळी साधारण ९ ते ११, वारा नसताना, जमिनीवर पाणी शिंपडून मगच डबा हातात घ्या. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ द्या.

## १२. अक्षरं आणि चाचणीची साधनं

भारतातल्या नागरी विमानाचं चिन्ह व्हीटी या अक्षरांनी सुरू होतं, मग तीन अक्षरं. धडावर अक्षरं किमान ३० सेंमी उंच असावीत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पंखाखाली ५० सेंमी. मॉडेलवर साडेबारा आणि २१ मिमी. गाडीच्या नंबर प्लेट करणारा रेडियमवाला हे मशीनने कापून देतो. सूचनांची २-३ मिमीची अक्षरं मात्र त्याला जमत नाहीत, ती पारदर्शक स्टिकरवर लेझर प्रिंट करा.

नाकाचा दांडा: १८ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईत २२ नंबरची सरकवा. सुया मेडिकलमधून नव्या घ्या, वापरलेल्या कधीच नाही, आणि टोक लगेच कानशीने घासून बोथट करा. दांडा ३५-४० मिमी बाहेर हवा. आखूड दांडा धडाने ढवळलेली हवा मोजतो.

दोऱ्याचे तुकडे ४ मिमीचे, ओळीत, एकमेकांपासून १० मिमीवर, फक्त पुढचं टोक चिकटलेलं. शिवणाचा दोरा मेण लावून वापरा, नाहीतर तो कापसासारखा फुलतो.

## १३. तळ आणि नेणं

मागे प्रोपेलर असलेल्या विमानाच्या चाकांनी उडवलेले खडे थेट पात्यांवर येतात, म्हणून टिटवी मुरुमावर उभी करू नका. काळा वॉटर पेपर चिकटवला की डांबरी धावपट्टी झाली. मुरूम हवाच असेल तर चाळून कडेला टाका.

एसटीने किंवा मोटरसायकलवर न्यायचं तर संत्र्याचं प्लास्टिक कॅरेट सगळ्यात बरं, ३३० मिमीचे पंख त्यात सहज मावतात. मॉडेल चाकांवर उभं ठेवू नका, रस्त्याच्या हादऱ्याने पाय पसरतात. धडाखाली स्पंजचे दोन खाचे करा, चाकं अधांतरी राहू द्या. नाकाचा दांडा काढून वेगळ्या डबीत ठेवा, आणि प्रोपेलरही काढता आला तर काढा.